पुण्याच्या चिठ्ठीआधी

नसरापूरहून एक रस्ता आंबवणे, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला जातो आणि उलट दिशेला चेलाडी फाट्यावर पुणे-सातारा महामार्ग लागतो. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतल्या कितीतरी गावांची पुण्याला जायची वाट इथूनच आहे. मोठ्या डॉक्टरला दाखवायची चिठ्ठी हातात घेऊन निघालेली माणसेही याच वाटेने जातात. वर्ष-दीड वर्षाच्या बाळात स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, चिन्हे शोधावीत का आणि शोधली तर पुढे काय करावे, हा प्रश्न या वाटेवर उभे राहून विचारला की वेगळा दिसतो. शहरातल्या चर्चेत त्याचे उत्तर ठरलेले असते : जितक्या लवकर तितके बरे. इथे ते उत्तर तपासून घ्यावे लागते. म्हणून पुढे दोन बाजू समोरासमोर मांडल्या आहेत. एक माझी. दुसरी ग्रामीण आरोग्यसेवेत मुरलेल्या डॉक्टरांची. हे डॉक्टर म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे, ती एक भूमिका आहे. पण त्यांचे आक्षेप खरे आहेत आणि त्यांतले एक-दोन मला जड जातात.

डॉक्टर : आधीच सांगतो, स्वमग्नता खरी आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती सरसकट चाळणीबद्दल. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची संघटना 18 आणि 24 महिन्यांना प्रत्येक मुलाची तपासणी करा म्हणते. पण त्याच देशाच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने 2016 मध्ये पुरावा तपासून सांगितले की, ज्या मुलांबद्दल कोणालाच काळजी वाटत नाही त्यांच्या सरसकट तपासणीचा फायदा-तोटा ठरवायला पुरावा अपुरा आहे. पुढे 2019 मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाच्या जाळ्यातल्या सुमारे 26,000 मुलांचा अभ्यास आला. तिथे रोजच्या कामकाजात जगभर वापरली जाणारी एम-चॅट ही प्रश्नावली पालकांकडून भरून घेतली होती. पुढे ज्यांचे निदान झाले त्या मुलांपैकी फक्त 39 टक्के मुले तिने पकडली, आणि जी पकडली त्यांतल्या जेमतेम 15 टक्क्यांना स्वमग्नता निघाली. आता हे आकडे इथे लावा. सपाटीच्या भागात एक प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 लोकवस्तीसाठी असते. हजारी 15 जन्म धरा, वर्षाला 450 बाळे होतात. शंभरात एक धरले तर चार-पाच मुले स्वमग्न. त्यांतली दोन आपल्याला सापडतील आणि त्यांच्याबरोबर अकरा घरांच्या जिवाला घोर लागेल. त्या तेराही घरांना मी काय देणार? पुण्याची चिठ्ठी. केळद-घिसरसारख्या गावातल्या माणसाची त्यात रोजंदारी बुडते, दोन वाहने बदलावी लागतात आणि तिथे गेल्यावर पुढची तारीख मिळते. एका फेरीनंतर दुसरी होत नाही. मुलाच्या नावावर शिक्का मात्र कायमचा बसतो.

मी : डॉक्टर, तुमचे गणित मला मान्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. आधी त्या अकरा घरांकडे पाहू. चाळणीत अडकलेले पण स्वमग्न न निघालेले मूल म्हणजे ठणठणीत मूल, असे आपण धरून चालतो. एम-चॅटची सुधारित आवृत्ती 2014 मध्ये 16,000 हून अधिक बालकांवर तपासली गेली. तिच्यात दोन टप्पे आहेत : आधी वीस प्रश्न, मग शंका आली तर त्याच प्रश्नांवर पालकांशी सविस्तर बोलणे. दोन्ही टप्प्यांत अडकलेल्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना स्वमग्नता निघाली, पण सुमारे 95 टक्के मुलांच्या विकासात काही ना काही अडचण किंवा दखल घ्यावी अशी बाब होती. कोणाची भाषा मागे होती, कोणाची एकूणच समज. फिलाडेल्फियात हा दुसरा टप्पा अनेकदा घेतलाच गेला नव्हता. म्हणजे दोष नुसत्या प्रश्नावलीचा नाही, कागद भरून घेऊन थांबण्याचाही आहे. तेव्हा तुमच्या तेरा घरांतल्या बहुतेकांना कशाची ना कशाची गरज असणार. ऐकू न येणारे मूलही त्यातच सापडेल. हाकेला ओ न देणाऱ्या बाळाची श्रवणचाचणी सगळ्यात आधी व्हायला हवी आणि ती चिठ्ठी पुण्याची असली तरी द्यायलाच हवी. प्रश्न उरतो तो चिठ्ठीशिवाय दुसरे काही देता येईल का, एवढाच. माझे सगळे म्हणणे त्या एका मुद्द्यावर उभे आहे : आपण निदान आणि मदत एकाच दोरीला बांधून टाकली आहेत, त्यांची गाठ सोडवली पाहिजे. निदान पुण्यात होईल, उशिरा होईल, कधी होणारही नाही. मदत काळजी वाटली त्या आठवड्यापासून, नसरापूरच्या परिसरातच सुरू व्हायला हवी.

डॉक्टर : मदत म्हणजे काय? वाचा-उपचारतज्ज्ञ पुण्यात पुरेसे नाहीत, वेल्ह्याला कुठून आणणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या यादीत स्वमग्नता पहिल्यापासून आहे. फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. हे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. मुलांच्या गलक्यात, वजन-उंची, दात, त्वचा, हृदय सगळे बघताना एका बाळाला किती मिनिटे मिळणार? आणि सापडलेच, तर पुढचे केंद्र जिल्ह्याला. कार्यक्रम कागदावर चांगला आहे, त्याचा पाय मात्र तालुक्याच्या खाली पोचत नाही.

मी : म्हणूनच मी पथकापासून सुरुवात करत नाही. अनोळखी माणसांच्या घोळक्यात स्वमग्नता बघायला जाणे मुळात चुकीचे आहे, कारण ती माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीत दिसते आणि बिचकलेले कुठलेही मूल त्या घटकेला गप्पच असते. बाळ हाकेला वळते का, आपल्याला आवडलेली वस्तू दुसऱ्याला दाखवायला आणते का, टाटा करते का, बोट दाखवून आईचे लक्ष वेधते का, आलेले चार शब्द परत गेले का, हे सगळे घरातच कळते. चांदोबा दाखवताना बाळ नुसते आजीच्या बोटाकडे बघत नाही, बोटाच्या रोखाने वर बघते आणि मग आजीने पाहिले का म्हणून तिच्या तोंडाकडे बघते. त्या तीन नजरांमध्ये पुढच्या भाषेचा पाया असतो. आपल्या घरांत हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ज्या बाळाला ते लागत नाहीत ते आजीच्या लक्षात येतेच. तिचे म्हणणे कोणी विचारत नाही किंवा तीच 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून मनाची समजूत घालते. आणि घरात जाणारे माणूस आपल्याकडे आहे. 2018 पासून घरी जाऊन लहान बाळाची काळजी घेण्याच्या कार्यक्रमात आशाताई 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांना प्रत्येक घरी जातात. माता-बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत. बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटीत पाच मिनिटे हेच बघायचे.

डॉक्टर : अहो, त्या एका भेटीचे आशाताईंना 50 रुपये मिळतात. क्षयरोग त्यांनी बघायचा, गरोदर बाया त्यांनी बघायच्या, सर्वेक्षण आले की तेही त्यांनीच करायचे. त्यात आता मेंदूचा विकास. हे ओझे टाकणाऱ्यांना त्यांच्या पायांची कल्पना नाही.

मी : हा आक्षेप मी परतवणार नाही, कारण तो बरोबर आहे. जादा काम द्यायचे तर जादा मोबदला द्यावा लागेल, आणि जे सरकार तो देणार नाही त्याने चाळणीची घोषणाही करू नये. पण मी आशाताईंवर उपचार टाकत नाही, फक्त पाहणे आणि कळवणे टाकतो. उपचाराचे माणूस वेगळे. त्यासाठीचा पुरावा आपल्या अगदी शेजारी, गोव्यात आहे. तिथली 'संगथ' ही संस्था आणि पाकिस्तानातले रावळपिंडी अशा दोन ठिकाणी झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये 'द लॅन्सेट सायकिअट्री'त आले. स्वमग्न असलेली 2 ते 9 वर्षांची 65 मुले होती. काम करणारे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण देऊन तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पद्धतही साधी : पालक आणि मूल खेळत असताना थोडा वेळ चित्रीकरण करायचे, मग कार्यकर्त्याने पालकांबरोबर बसून ते बघायचे. मुलाने कुठे वळून पाहिले, कुठे आवाज काढला, ती संधी कुठे हुकली, कुठे साधली. अशी 12 सत्रे. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मूल स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. आता तुमचेच गणित मांडू. तेरा घरे, प्रत्येकी बारा सत्रे, वर्षाला 156 भेटी. आठवड्याला तीन. एका आरोग्य केंद्रात एका प्रशिक्षित माणसाला हे जमण्यासारखे आहे, इतर काम सांभाळूनही. उपकेंद्रांवर आता समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्याला आपण अशक्य म्हणतो ते आठवड्याच्या तीन भेटींइतके आहे.

डॉक्टर : तुम्ही गोव्याची अर्धीच गोष्ट सांगता. त्याच चाचणीत दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ वाढला नाही, उलट कमी झाला. शिवाय ती मुले दोन वर्षांच्या वरची होती आणि निदान झालेली होती. तान्ह्या बाळाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

मी : बरोबर, आणि ते झाकायचे कारण नाही. लक्ष एकवटण्याबाबत निकाल उलटा आला. हा उपचार चमत्कार करत नाही हेच त्यातून कळते. याच पद्धतीचे मूळ असलेली ब्रिटनमधली 152 मुलांची चाचणी 2010 मध्ये आली तेव्हाही लक्षणांवर ठोस परिणाम दिसला नव्हता. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासले तेव्हा उपचार मिळालेल्यांची लक्षणे तुलनेने सौम्य होती. हा परिणाम सावकाश पिकतो. तान्ह्या वयाचा पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. पर्थ आणि मेलबर्न इथली 9 ते 14 महिन्यांची 103 बाळे, निदान कोणाचेच नाही, फक्त सुरुवातीची चिन्हे. निम्म्यांच्या पालकांना घरी दहा सत्रे, अशीच चित्रीकरण दाखवून. तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे निदान त्या गटात 6.7 टक्के, दुसऱ्या गटात 20.5 टक्के.

डॉक्टर : टक्के सोडा, मुले मोजा. शेवटपर्यंत तपासलेली 89 बाळे. एका गटात तीन, दुसऱ्यात नऊ. सहा मुलांच्या फरकावर तुम्ही राज्याचे धोरण ठरवणार?

मी : निदान टळते, अशी जाहिरात मी त्यावर करणार नाही. कोणीही करू नये. मी इतकेच म्हणतो की, निदानाची वाट न बघता पालकांबरोबर काम सुरू करता येते आणि त्यातून आजवर बव्हंशी फायद्याच्या बाजूने खुणा मिळाल्या आहेत. इथे चाचणीच्या आकाराइतकाच धोक्याचा आकारही पाहावा लागतो. एखादे औषध असते, शस्त्रक्रिया असती, तर सहा मुलांच्या फरकावर मी गप्प बसलो असतो. इथे आईवडिलांना आपल्या मुलाचे बारीकसारीक इशारे वाचायला शिकवायचे आहे. ज्याला स्वमग्नता नाही, नुसती भाषा मागे आहे, त्या मुलालाही हे उपयोगाचे. जे पुढे आपोआप मार्गी लागले असते, त्याचे काय बिघडले? सौम्य आणि स्वस्त मदत असेल तर शंकेच्या टप्प्यावर ती देणे न्याय्य आहे. कडक आणि महाग उपचार असेल तर नाही. निदानाबाबतही हाच विवेक हवा. सॅन डिएगोतल्या 1,269 बालकांच्या अभ्यासात असे दिसले की, पहिल्या वाढदिवसाच्या आसपास केलेले निदान बऱ्याचदा टिकत नाही, चौदाव्या महिन्यापासून ते बरेच स्थिर होते. बारा महिन्यांच्या बाळाला शिक्का मारू नका, पण त्याच्या आईला रिकाम्या हाताने परतही पाठवू नका.

डॉक्टर : आईचे नाव तुम्हीच काढलेत म्हणून बोलतो. पालकांना शिकवायचे म्हणजे घराघरांत त्याचा अर्थ एकच निघणार : आईला मूल वाढवता आले नाही. हिने मोबाइल दिला, ही कामाला जाते, हिच्या माहेरी कोणी तसे होते. अशा घरात आशाताई 'बाळाशी खेळायला शिका' म्हणाल्या की सासरच्यांच्या हातात कोलीत मिळाले.

मी : तुमच्या सगळ्या आक्षेपांत मला सर्वांत जड वाटणारा हाच आहे. या विषयाच्या इतिहासात हे पाप एकदा होऊन गेले आहे. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले आणि पुढची दोन दशके विद्वानांनी आईच्या थंडपणाला दोष दिला. कितीतरी बायकांनी तो दोष जन्मभर वाहिला. तो सिद्धांत खोटा ठरला. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि एक मूल स्वमग्न असेल तर धाकट्या भावंडात ती आढळण्याचे प्रमाण जवळपास पाचात एक आहे. म्हणून कार्यकर्त्याच्या तोंडचे पहिले वाक्य ठरलेले असले पाहिजे, आणि ते सासू-सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर म्हटले गेले पाहिजे : आईचे काही चुकलेले नाही, या बाळाचे इशारे इतर बाळांपेक्षा अस्पष्ट आहेत, ते ओळखायला कोणत्याही आईवडिलांना जादा शिकावे लागले असते. पहिल्या सत्राला वडील हवेतच. आजी हवी, कारण बाळ दिवसभर तिच्याजवळ असते आणि आई शेतावर किंवा कंपनीत. वेखंड उगाळून चाटवणाऱ्या, नवस बोलणाऱ्या आजीला अडाणी ठरवून बाहेर बसवले तर कार्यक्रम तिथेच संपला. नवसाने कोणाचे अडत नाही, वाट बघत बसल्याने अडते.

डॉक्टर : वाट बघू नका म्हणता, पण घाई झालेल्या पालकांची बाजारपेठ फार मोठी आहे. 'लवकर, लवकर' ऐकून घाबरलेला बाप जमीन गहाण टाकून मूलपेशी टोचून आणतो.

मी : त्या बाजाराला खतपाणी मिळते ते निदान आणि मदत यांच्यामधल्या रिकाम्या महिन्यांत. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. पण ते पत्रक बापापर्यंत कोण पोचवणार? पंधरा दिवसांनी घरी येणारे ओळखीचे माणूसच हे सांगू शकते, आणि त्याचे ऐकलेही जाते, कारण त्याला विकायचे काही नसते. नजर जबरदस्तीने वळवणारे, मूल 'नॉर्मल दिसावे' म्हणून त्याला तासन्‌तास राबवणारे वर्गही मला त्याच बाजाराचा भाग वाटतात. स्वमग्न मूल बरे करायचे नसते, त्याला आपले म्हणणे पोचवता यावे आणि त्याचे म्हणणे आपल्याला कळावे, एवढे साधायचे असते.

डॉक्टर : ठीक. मग कार्यक्रमातले भोक दाखवतो. आशाताईंची शेवटची भेट 15 महिन्यांना. तुम्हीच म्हणता निदान त्याच सुमारास स्थिरावू लागते. अंगणवाडीच्या बैठकीत मूल नियमित बसू लागते तिसऱ्या वर्षी. मधल्या पावणेदोन वर्षांत तुमच्या योजनेत बाळाकडे बघणारे कोणीच नाही. आणि ज्यांचे आलेले शब्द गळून जातात, ती मुले नेमकी याच काळातली.

मी : या काळात प्रत्येक मूल एकदा आपण होऊन आपल्यासमोर येते : 16 ते 24 महिन्यांत, त्रिगुणी लसीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस घ्यायला. दुसरी तपासणी तिथे ठेवता येईल. नवे केंद्र नको, नवा दिवस नको.

डॉक्टर : आणि लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा स्वतःच्या हाताने पेरायची? गोवरची सुई टोचली त्याच दिवशी नर्सबाईंनी मुलात खोट काढली, असेच लोक म्हणतील.

मी : हा धोका खरा आहे. ती अफवा उभी राहिली तीच काळाच्या योगायोगावर : लस देण्याचे वय आणि चिन्हे उठून दिसण्याचे वय एकच. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा, वेकफिल्ड यांनी 1998 मध्ये लिहिलेला लेख 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2019 मध्ये पुन्हा दाखवले गेले की, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध नाही. तरी अफवा जिवंत आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा. बारा आणि पंधरा महिन्यांची पाहणी आधी घरी झालेली असली, कार्डावर तारखेसह लिहिलेली असली, तर लसीच्या आधीपासून काय दिसत होते याचा पुरावा आईच्याच हातात राहतो. लसीच्या दिवशी प्रश्न सुईच्या आधी विचारायचे आणि लसीचा व याचा संबंध नाही हे न विचारता सांगायचे. लवकर पाहण्याने अफवेला उत्तरच मिळते.

डॉक्टर : शेवटचे विचारतो. बारा सत्रे झाली, मूल बोलले नाही. मग?

मी : काही मुले बोलणार नाहीत, हे पहिल्या सत्रालाच सांगावे लागेल. त्यांच्यासाठी निदानाची चिठ्ठी लागतेच, कारण तिच्याशिवाय कायद्याने दिलेले हक्क मिळत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे; 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या निरामय योजनेत लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे; नोव्हेंबर 2023 पासून दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती आहे. पण त्या घरी सातत्याने जाणाऱ्या माणसाने लिहिलेल्या नोंदी आणि मोबाइलवरची चित्रणे बरोबर असतील, तर पुण्याच्या तज्ज्ञाला एका भेटीत जे दिसणार नाही ते दिसेल आणि दुसरी-तिसरी फेरी वाचेल. अंगणवाडीताईंना आणि पुढे जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना त्या मुलाबद्दल सांगायलाही तेच माणूस असेल. त्या पदाचा पगार कोणी द्यायचा, आरोग्य खात्याने की महिला व बालविकास खात्याने, यावर तुम्ही आणि मी उद्याही भांडू. माझ्या मते तो आरोग्य खात्याने द्यावा, कारण पहिली दीड वर्षे बाळ त्याच खात्याच्या यादीत असते.